पाठ म्हणणं म्हणजे वाचन नव्हे

संपादक महोदय,

पहिली-दुसरीतलं मूल धडा खडाखडा म्हणून दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. पुष्कळदा तो धडा वर्गात ऐकून तोंडपाठ झालेला असतो. खात्री करायची तर त्या पानावरच्या मधल्याच शब्दावर बोट ठेवा, किंवा शेवटची ओळ शब्दाशब्दाने उलट वाचायला सांगा. मूल तिथे अडलं, की खरं काम सुरू.

इथे पालक चुकीचं अक्षर दहा-दहा वेळा लिहून काढायला लावतात. त्याने बोटं दुखतात, घ-ध आणि भ-म यांतला घोळ तसाच राहतो. घर-धर, भात-मात अशा जोड्या शेजारी लिहून फरक मुलालाच शोधू द्यावा: ध आणि भ यांची शिरोरेषा डावीकडे तुटते, घ आणि म यांची अखंड असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण नंतर उच्चारली जाते. 'सूर्य'मधल्या रफाराचं नेमकं उलट. तिथे अडखळणाऱ्या मुलाला 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून ओरडू नये. 'आधी अक्षर बघ, मग वेलांटी' एवढं सांगितलं तरी पुरतं.

सरावाला वेगळी वही कशाला? केएमटीची (शहर बसची) वाट बघताना पाट्या वाचायला द्या. आधी 'दसरा', मग अनुस्वारासाठी 'रंकाळा', दोन्ही वेलांट्यांसाठी 'तिकटी'. 'महाद्वार' जोडाक्षरं आल्यावर.

घरी रोज १५ मिनिटं बास. पहिली ५ मिनिटं मोठ्यांनी ओळीखाली बोट फिरवत वाचावं, पुढे मुलाने. अडलं तर मनात पाच अंक मोजेपर्यंत गप्प राहावं (हेच सर्वांत अवघड!), मग पहिलं अक्षर सुचवावं, तरी जमलं नाही तर शब्द सांगून पुढे जावं. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर ते पुस्तक सध्या जड आहे, सोपं घ्यावं. तेच पुस्तक पुन्हापुन्हा मागितलं तर देत राहावं.

१९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. घरी वाचून न दाखवल्याबद्दल दंड नाही, म्हणून असेल कदाचित, ही १५ मिनिटं सापडत नाहीत.

आणि पुस्तकातलं 'आहे' मुलाने 'हाय' असं वाचलं तर लगेच टोकू नका. त्याला अर्थ कळलेला असतो. वाक्य पुरं होऊ द्यावं, मग पुस्तकातला शब्द बोटाने दाखवावा.

एक प्राथमिक शिक्षिका,
कोल्हापूर