अखाजी झाली की मॉरिशसला

ठाणे

तीर्थरूप नाना आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आईचा पासपोर्ट टपालाने घरी आल्याचे राजूने कळवले आणि मनावरचे मोठे ओझे उतरले. जळगावला यंत्रावर ठसे देताना तिची बोटे काही केल्या उमटत नव्हती. केळीचा चीक आणि खुरप्याची मूठ यांनी त्या बोटांवरच्या रेषा वर्षानुवर्षे झिजवल्या आहेत. तिथल्या ताईंनी ओल्या फडक्याने बोटे पुसून, एकेक बोट हळूच दाबून पुन्हा पुन्हा ठसे घेतले, तेव्हा आई संकोचून "राहू द्या बाई, नाही तर नाही" म्हणाली होती. आई, तुझे ते "राहू द्या" या वेळी मी ऐकणार नाही. नाना, तुमचा पासपोर्ट तर तिच्याआधीच आला आहे आणि तो तुम्ही कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवून दिला आहे, हेही मला ठाऊक आहे.

अखाजीला, आपल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी दरवर्षीप्रमाणे माहेरी येईनच. या वर्षी सण झाला की परतताना तुम्हा दोघांना बरोबर न्यायचे आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात तिघांनी मॉरिशसला जायचे, असे माझे ठरले आहे. फोनवर नाना "आईला घेऊन जा, मला शेती आहे" एवढेच म्हणाले आणि विषय संपला. म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. नानांनी हे पत्र सावकाश वाचावे आणि आईलाही वाचून दाखवावे.

तुम्ही दोघांनी प्रवास केला नाही असे नाही. मुक्ताईच्या पालखीबरोबर नाना पंढरपूरला पायी गेले, आपण सगळे सप्तशृंगीला गेलो, माझ्या बाळंतपणात आई ठाण्याला येऊन राहिली, नानांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोघे नाशिकला राहिलात. पण यातला प्रत्येक प्रवास देवासाठी, लेकरांसाठी किंवा दवाखान्यासाठी होता. एखादा मुलूख आपल्याला पाहावासा वाटतो, एवढ्याच कारणाने तुम्ही घराबाहेर पडलात असे माझ्या आठवणीत एकदाही घडलेले नाही. आईने समुद्र पाहिला तो दादरच्या चौपाटीवर, तोही नातवाला कडेवर घेऊन, त्याच्याकडेच लक्ष ठेवत. मला तुम्हाला असा प्रवास घडवायचा आहे, ज्यात तुमच्यावर कोणाचीही जबाबदारी नाही. आईच्या गुडघ्यांनी आज पायऱ्या चढता येतात, नाना आजही बांधावरून फेरी मारून येतात, म्हणून तो याच वर्षी व्हावा असे वाटते.

मॉरिशसच का, हे आधी सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे तेव्हा उन्हाळा सरून हिवाळा यायच्या बेतात असतो आणि हवा २५ अंशांच्या आसपास राहते. चक्रीवादळांचा खरा जोर जानेवारी ते मार्च या काळात असतो, त्यामुळे मेअखेर ती भीतीही फारशी उरत नाही. मुंबईहून थेट विमान आहे आणि ते सुमारे ६ तासांत पोहोचते. तिथली घड्याळे आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे झोपेचे आणि औषधांचे वेळापत्रक फारसे बिघडत नाही. संपूर्ण देश २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सुमारे सहाव्या भागाएवढा आहे. एकाच घरी मुक्काम ठेवून रोज थोडेथोडे पाहून संध्याकाळी परत येता येते, रोज सामान बांधावे लागत नाही. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसाही काढावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि राहण्याची सोय दाखवावी लागते.

परंतु एवढ्यासाठीच मी हा देश निवडलेला नाही. नाना, तुम्हाला इतिहासाची ओढ आहे, म्हणून पोर्ट लुई या राजधानीत बंदराला लागून असलेल्या आप्रवासी घाटाबद्दल मुद्दाम लिहिते. ब्रिटिशांनी १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी बंद केली, पण उसाच्या मळ्यांना माणसे हवीच होती. त्यामुळे १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. १९२० पर्यंत जवळपास ५ लाख माणसे अशी त्या बेटावर उतरली. बोटीतून आलेला माणूस ज्या १६ दगडी पायऱ्या चढून आत येई, त्या पायऱ्या अजून आहेत. युनेस्कोने २००६ मध्ये ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. बहुतेक माणसे बिहारकडची आणि दक्षिणेकडची होती, तरी मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची आपली मराठी माणसेही गेली.

उतरलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत होई: नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण. पुढे १८६० नंतरच्या काळात त्यांची छायाचित्रेही काढली जाऊ लागली. हे सगळे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहे आणि तिथले लोक आजही त्यावरून आपल्या पूर्वजांचे गाव शोधतात. त्या छायाचित्रांमधल्या बायकांच्या डोक्यावर पदर आहे, नजर सरळ समोर आहे आणि चेहऱ्यावर कसलेही हसू नाही. आईच्या पासपोर्टवरचा फोटो पाहिला तेव्हा मला त्याच बायका आठवल्या, आणि ज्या वाटेने त्या नाइलाजाने गेल्या त्या वाटेने आई स्वतःच्या हौसेने जाईल, या विचाराने मन भरून आले.

नाना, शेतकरी म्हणून तुम्ही तिथे आणखी एक गोष्ट पाहाल, जी बहुतेक प्रवासी गाडीच्या काचेतून पाहतात आणि सोडून देतात. ते बेट ज्वालामुखीतून झालेले आहे, त्यामुळे जमिनीत काळ्या दगडांचा खच होता. उसाची लागवड करण्यासाठी मजुरांनी ते दगड हातांनी वेचून काढले आणि शेताच्या मधोमध रचून ठेवले. आजही उसाच्या हिरव्या रानात त्यांचे मोठमोठे ढीग उभे दिसतात, कुठे कुठे तर ते पायऱ्यापायऱ्यांचे नीट रचलेले आहेत. आबांनी आपल्या वरच्या वावरातले दगड बैलगाडीने कसे काढले, ते तुम्ही आम्हाला अनेकदा सांगितले आहे. एकेका ढिगामागे किती माणसांची किती वर्षे गेली असतील, याचा अंदाज माझ्यापेक्षा तुम्हालाच चांगला येईल, आणि तो मला त्या शेताच्या कडेला उभे राहून तुमच्या तोंडून ऐकायचा आहे.

आई, तुझ्यासाठी गंगा तलाव आहे. डोंगरावर जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेले हे तळे आहे. त्यात १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून ओतले गेले, काठावर देवळे आहेत आणि जवळच शंकराची १०८ फूट उंच मूर्ती आहे. महाशिवरात्रीला लोक बेटाच्या कानाकोपऱ्यातून पांढरे कपडे घालून, खांद्यावर कावड घेऊन तिथे चालत येतात. गणेश चतुर्थीला तर तिथे सरकारी सुट्टी असते आणि मराठी कुटुंबे गणपतीचे विसर्जन समुद्रात करतात. तो सोहळा पाहायला मिळाला असता तर फार आवडले असते, पण त्या दिवसांत तू आपला गणपती सोडून कुठेही येणार नाहीस आणि मीही तसे म्हणणार नाही. तिथली बहुतेक मराठी माणसे घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात, तरी शाळेत मराठी शिकण्याची सोय त्यांनी टिकवून ठेवली आहे. त्यांच्यापैकी कोणी भेटले तर तू आपली अहिराणी बोल. सगळे समजले नाही तरी त्यांना ती परकी वाटणार नाही.

समुद्राची तुला भीती वाटते, हे मी जाणते. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी उथळ व शांत राहते. गुडघाभर पाण्यात उभी राहिलीस तर तुला तुझी पावले स्पष्ट दिसतील. पायात रबरी बूट मात्र घालायचे, कारण तळाशी दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा असतो. ब्लू बे येथे काचेच्या तळाची होडी मिळते. तीत बसल्या बसल्या, अंगाला पाणी न लागता, खालचे प्रवाळ आणि रंगीत मासे पाहता येतात.

जेवणाची चिंता करू नये. माळकरी माणसाला तिथे उपाशी राहावे लागत नाही. रस्त्यावर मिळणारी दालपुरी हे तिथले सर्वांचे खाणे आहे: शिजवून वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, तीत शेंगदाण्यांची नव्हे, पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि चटणी. शिवाय मी स्वयंपाकघर असलेलेच घर घेणार आहे, म्हणजे बाजारातून वांगी आणून भरीत करता येईल. नाना, एक विनंती आधीच करून ठेवते: तिथली केळी कितीही आवडली तरी कंद किंवा रोप आणायचे नाही आणि इथूनही बी-बियाणे न्यायचे नाही. सीएमव्ही या केळीवरच्या विषाणू रोगाने उपटाव्या लागलेल्या बागा तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे रोग एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेला हा नियम तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पैशांबद्दल एवढेच लिहिते की ते बाजूला काढून ठेवलेले आहेत, तुम्ही एक रुपयाही काढायचा नाही.

तब्येतीची तयारी मात्र नीट करावी लागेल. प्रवासाचा विमा काढताना नानांचा रक्तदाब आणि आईचे गुडघे, दोन्ही लिहून द्यायचे. लपवले तर वेळेला विमा उपयोगी पडत नाही. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवू, त्यातली पुरेशी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानतळावर फार चालावे लागते, म्हणून आईसाठी चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवीन. तीत बसण्यात कमीपणा नाही; तिथे वाचलेली ताकद दुसऱ्या दिवशी गंगा तलावाच्या काठावर उपयोगी पडेल. विमानात दर तासाने उठून चार पावले चालायचे आणि पाणी पीत राहायचे. ठाण्याला एक दिवस विसावा घेऊनच निघू.

राहिली शेती. मे महिन्यात बागेला पाणी चुकवून चालत नाही आणि वाऱ्या-वादळाचे दिवस असतात, हे मी विसरलेले नाही. राजूशी माझे बोलणे झाले आहे. रात्रपाळीची वीज असली तरी तो आणि सूनबाई पाणी सांभाळतील. नाना, त्याने ही बाग तुमच्याबरोबर अनेक वर्षे केली आहे. एकदा ती पूर्णपणे त्याच्या हाती सोपवून पाहा. त्यालाही ते हवे आहे, पण तुमच्यासमोर तो तसे म्हणणार नाही. रोज संध्याकाळी फोन करून विचारायची मुभा तुम्हाला आहेच.

तिकिटे लवकर काढली तर स्वस्त पडतात, म्हणून या रविवारी फोनवर मला नानांचा होकार हवा आहे. त्याआधी रावेरच्या डॉक्टरांकडे दोघांनी जाऊन यावे, रक्तदाब मोजून घ्यावा आणि चालू औषधांची नावे एका कागदावर लिहून घ्यावीत. त्या कागदाचा आणि दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो राजूने मला पाठवावा.

कळावे, लोभ असावा.

तुमची लेक,
ताई