माईआत्याचा अंगठा

रामबाग, इंदूर
6 डिसेंबर 2025

प्रिय मुकुंद,

सप्रेम नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. पत्र लिहायला बसलो ते माईआत्यामुळे आणि सरकारचा माणसाच्या सुखाशी काय संबंध, या कृष्णपुऱ्याच्या छत्रीपाशी (त्या जुन्या समाधीस्थळी) अर्धवट राहिलेल्या आपल्या भांडणामुळे.

आप्पांच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात तिला हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा यंत्र तिचा अंगठाच ओळखेना. जन्मभर भांडी घासून आणि पापड लाटून बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. ती अंगठा पदराला पुसे आणि पुन्हा काचेवर टेकवी, आणि खिडकीतला मुलगा मान वर न करता म्हणाला, "अम्मा, मशीन मान ही नहीं रही, कल आना." परत निघताना तिने माझा हात धरून हळूच विचारले, "अरे, मी आहे ना?"

दाखला अखेर झाला, पैसेही थांबले नाहीत. पण तेव्हापासून ती गप्प आहे. नानांच्या नामांतरणाच्या, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीतले नाव बदलण्याच्या, वेळी तू त्यांच्याशेजारी कचेरीतल्या बाकावर बसून होतास, म्हणून हे तुलाच सांगावेसे वाटले.

सुख ज्याच्या त्याच्या मनात असते, सरकारने रस्ते, पाणी आणि दिवे पाहावेत, असे तू नेहमी म्हणायचास. 2016 मध्ये आपल्या मध्य प्रदेशाने देशातला पहिला आनंद विभाग काढला, तेव्हा सरकारला आता आमच्या मनातही कचेरी थाटायची आहे काय, म्हणून तू पुण्याहून फोनवर तासभर भांडलास. "मुकुंदाला हसवायला एक खाते हवेच होते," असे शरद म्हणाला आणि तू महिनाभर त्याच्याशी बोलला नाहीस. सरकारला सुख वाटता येत नाही, हे तुझे म्हणणे मी आज मान्य करतो. परंतु असलेले सुख ते हिरावून घेऊ शकते, आणि त्यासाठी फार मोठा अन्याय लागत नाही, एक खिडकी पुरते.

ब्रुनो फ्रे आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली स्वित्झर्लंडमधील सुमारे 6000 रहिवाशांच्या पाहणीवरून दाखवले की, ज्या प्रांतांत लोकांना सार्वमताचे हक्क अधिक, तेथील लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात. मताचा हक्क नसलेल्या परदेशी रहिवाशांच्या वाट्याला मात्र ते समाधान कमी येते, आणि रस्ते व कारभार तर दोघांना एकच! म्हणजे पदरात काय पडले याइतकेच, आपल्याला कोणी विचारले का, यालाही मोल आहे. आपले शहर 2017 मध्ये स्वच्छतेत पहिले आले, तेव्हा ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या घराघराला ते बक्षीस आपले वाटले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यंदाच्या जागतिक आनंद अहवालात 147 देशांत भारत 118वा आहे. फिनलंड 2018 पासून पहिलाच. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पा, वर उत्तमात उत्तम आयुष्य, खाली वाईटात वाईट, तुम्ही कोणत्या पायरीवर, असा तो प्रश्न असतो. मी तो माईआत्याला विचारला. ती म्हणाली, "आधी सांग, खाली शिडी धरायला कोण आहे?" अडचणीला धावून येणारे कोणी आहे का, हे त्या अहवालाचे अभ्यासकही पाहतातच.

आनंद विभागाचा सरकारी कर्मचाऱ्यांसाठी 'अल्पविराम' नावाचा उपक्रम आहे, ज्यात त्यांनी थांबून स्वतःकडे पाहावे अशी अपेक्षा असते. मला तो मनापासून आवडतो. त्या मुलाने एवढा विराम घेऊन मान वर केली असती, तर चेहरा दाखवूनही हयातीचा दाखला देता येतो आणि ही सोय 2021 पासून आहे, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते. आम्हाला ते दुसऱ्याच कोणाकडून कळले.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या डोळ्यांचे आणि ईशाच्या परीक्षेचे कळव.

अंगठा न जुळणाऱ्या वृद्धांना दुसरा मार्ग सांगणे खिडकीवर बंधनकारक करावे आणि तशी पाटी लावावी, असा अर्ज मी करणार आहे. मसुदा सोबत जोडला आहे. तुझ्या वकिली नजरेने खोडून, सुधारून आठवड्याभरात परत पाठव. माईआत्या सही करायला तयार आहे.

तुझा,
विनायक