प्रौढांच्या परीक्षेत ‘माहीत नाही’ला जागा हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरातील एका सार्वजनिक वाचनालयाने अलीकडेच प्रौढ सभासदांसाठी विज्ञान, भूगोल आणि बायबल अशा तीन विभागांची शालेय पातळीवरची चाचणी घेतली. तिच्याविषयी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात दोन प्रकारची पत्रे आली. काही पत्रलेखकांना पदवीधर माणसांना सातवी-आठवीचे प्रश्न सुटत नाहीत याची मौज वाटली, आणि एकदोघांनी तर त्या निमित्ताने सगळ्या शिक्षणव्यवस्थेचेच श्राद्ध घातले. इतरांचा आक्षेप असा, की कोल्हापुरात बायबलवर प्रश्न हवेतच कशाला? भूगोलाचा निवृत्त शिक्षक म्हणून या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामात मी होतो, आणि त्या पाहिल्यावर दोन्ही प्रतिक्रिया मूळ मुद्द्याला सोडून आहेत असे माझे मत झाले आहे.

पेपर परत करताना एक गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, नववीत शिकल्यालं आता कुठलं ध्यानात ऱ्हातंय?’’ त्यांचे म्हणणे रास्त आहे. ज्याची रोजच्या व्यवहारात गरज पडत नाही ते विसरते, आणि ऑस्ट्रेलियाची राजधानी म्हणून कॅनबेराऐवजी सिडनी लिहिणाऱ्याचे आयुष्यात काही अडत नाही. याउलट राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे जवळपास प्रत्येकाने बिनचूक लिहिले होते, कारण २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते साऱ्या शहराकडून पाठ करून घेतले आहेत. तेव्हा स्मरणशक्तीला बोल लावण्यात अर्थ नाही. कोऱ्या सोडलेल्या जागांचे मला काही वाटले नाही. काळजी वाटली ती ठामपणे लिहिलेल्या चुकीच्या उत्तरांची.

‘उन्हाळा आणि हिवाळा कशामुळे होतात?’ या प्रश्नाखाली एका उत्तरपत्रिकेत ‘हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून’ असे सुवाच्य अक्षरात लिहून खाली पट्टीने दुहेरी रेघ मारली होती. याच आशयाची उत्तरे इतरही अनेकांची होती. वस्तुस्थिती अशी, की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे गुऱ्हाळे भरात असतात आणि सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही तेव्हा. त्या वेळी हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते, तर जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे: जो गोलार्ध सूर्याकडे कललेला असतो तिथे उन्हाळा आणि दुसऱ्यात हिवाळा. दुहेरी रेघवाले गृहस्थ क्रिकेटचे दर्दी आहेत. डिसेंबरच्या अखेरीस पहाटेचा गजर लावून ते मेलबर्नची कसोटी पाहतात आणि तिथले प्रेक्षक टोप्या घालून रणरणत्या उन्हात बसलेले त्यांना दरवर्षी दिसतात. पृथ्वी लांब गेल्यामुळे कोल्हापुरात थंडी पडत असेल, तर त्याच पृथ्वीवरच्या मेलबर्नला त्याच दिवशी उन्हाळा कसा, हा प्रश्न मात्र त्यांना कधी पडलेला नव्हता.

खरे तर या कललेल्या अक्षाचा पुरावा आपल्याला शहराबाहेर शोधायला नको. अंबाबाईच्या मंदिरात ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या तारखांना किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. या तारखा इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. पण किरणोत्सव वर्षातून दोनदाच का आणि याच तारखांना का, असे विचारले तर बहुतेकजण मंदिर बांधणाऱ्यांच्या कौशल्याची वाखाणणी करून थांबतात. कौशल्य आहेच, परंतु त्या कारागिरांनी ज्याचा उपयोग करून घेतला ती गोष्ट अशी, की २१ जूननंतर सूर्यास्ताची जागा क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत जाते, २१-२२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेचे टोक गाठते आणि तिथून मागे फिरते, त्यामुळे जाताना जो बिंदू लागला तोच येतानाही लागतो. १० नोव्हेंबर हा त्या टोकाच्या सुमारे सहा आठवडे आधीचा दिवस आहे आणि १ फेब्रुवारी सुमारे सहा आठवडे नंतरचा. रंकाळ्यावर रोज संध्याकाळी फिरायला येणाऱ्याने जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये सूर्य कुठे मावळतो एवढे जरी लक्षात ठेवले, तरी पुस्तकातले ते साडेतेवीस अंश त्याला डोळ्यांनी दिसतील. चाचणीत हा प्रश्न नव्हता. तो असायला हवा होता, असे मी आयोजकांना सांगितलेही आहे.

ऋतूंविषयीच्या गैरसमजाने फारसे कुणाचे बिघडत नाही, पण विज्ञान विभागातल्या दोन प्रश्नांचे तसे नाही. मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. आईकडून नेहमी एक्स येते, पित्याकडून एक्स किंवा वाय. हा भाग शाळेत शिकवला जातो, तरीही ‘आईमुळे’ या पर्यायावर खुणा होत्याच. बरोबर पर्यायावर खूण केलेल्या एका बाई उत्तरपत्रिका देताना म्हणाल्या, ‘‘मला ठाऊक हाय हो सर, पण आमच्या घरात कोण सांगणार?’’ २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८६३. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे. मुलगी नको असण्याची कारणे हुंड्यापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत पसरलेली आहेत आणि गुणसूत्रांचा धडा वाचून ती नाहीशी होतील असा माझा भाबडा समज नाही. चोरून सोनोग्राफी करणारे अनेकजण चांगले शिकलेले असतात. पण तिसरीही मुलगी झाली म्हणून सुनेला टोचून बोलणारी सासू आणि ते मुकाट ऐकून घेणारा तिचा मुलगा यांच्या बाबतीत चुकीच्या उत्तराची किंमत ती सून मोजत असते.

दुसरा प्रश्न प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक्सचा. ही औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत, आणि साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तरीही नाक वाहू लागले की मेडिकलमधून ‘मागच्या वेळी दिलेल्या’ गोळ्या आणायच्या, दोन दिवसांनी बरे वाटले की उरलेल्या कपाटात ठेवायच्या आणि पुढे शेजाऱ्याला द्यायच्या, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. विनाकारण आणि अर्धवट घेतलेल्या औषधांना जिवाणू दाद देईनासे होतात, याचा फटका पुढे खऱ्या गरजवंत रुग्णाला बसतो.

यावरून कोल्हापूरला नावे ठेवू पाहणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या २०१२ च्या पाहणीत पृथ्वी सूर्याभोवती फिरते की सूर्य पृथ्वीभोवती, याचे बरोबर उत्तर ७४ टक्के प्रौढांनी दिले, म्हणजे चौघांतल्या एकाला ते देता आले नाही; प्रतिजैविके विषाणूंना मारत नाहीत, हे जेमतेम निम्म्या लोकांना ठाऊक होते.

भूगोलाविषयी लिहिताना माझा हात थोडा सैल सुटेल, त्याबद्दल क्षमस्व. ‘पंचगंगेचे पाणी शेवटी कोणत्या समुद्रात जाते?’ या प्रश्नाला बऱ्याच जणांनी अरबी समुद्र हे उत्तर दिले. समुद्र म्हटला की आपल्याला रत्नागिरी, मालवण आठवते आणि ती गावे पश्चिमेला आहेत, तेव्हा उत्तर कुठून आले हे उघड आहे. परंतु याच मंडळींनी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून कोकणात जाताना सह्याद्रीचा तुटलेला कडा पाहिलेला असतो. पाणी तो माथा चढून पलीकडे जाणार कसे? कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या माथ्याच्या अलीकडच्या बाजूचे पाणी घेऊन पूर्वेकडे येतात, प्रयाग चिखलीला संगम होतो (पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते), पुढे पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असताना हे पाणी जवळजवळ अख्खे द्वीपकल्प पार करते. दर पावसाळ्यात अलमट्टीच्या पाण्यावरून चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत वाद रंगतो. ते धरण कृष्णेवर आपल्या खालच्या अंगाला आहे. त्याच्या फुगवट्याचा आपल्याकडच्या पुराशी किती संबंध आहे, हे ठरवणे तज्ज्ञांचे काम असले तरी पाणी कुठून कुठे वाहते हेच ज्याच्या डोक्यात उलटे आहे, त्याला या वादातली कोणतीच बाजू पारखून घेता येणार नाही.

आता बायबलविषयी. वाचनालय दर चाचणीत एकेका धर्मग्रंथावर प्रश्न विचारणार आहे आणि या वेळी बायबलची पाळी होती, एवढे सांगितले की आक्षेपाचे निम्मे कारण संपते. उरलेल्या निम्म्यासाठी इतिहास पुरेसा आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात आहे, आणि राजर्षी शाहू महाराजांच्या काळात जी वसतिगृहे इथे उभी राहिली त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते. बायबलमधले मत्तयकृत शुभवर्तमान, म्हणजे मत्तयाने सांगितलेले येशूचे चरित्र, १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, छापखान्यातून मराठीत निघाले, तर पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यामुळे मराठी वाचकाला हा ग्रंथ परका म्हणता येत नाही.

या विभागातही कोऱ्या जागांपेक्षा ठाम चुकाच बोलक्या होत्या, आणि त्या ख्रिस्ती व बिगरख्रिस्ती असा भेद करत नव्हत्या. आदाम-हव्वेच्या एदेन बागेतले निषिद्ध फळ ‘सफरचंद’ असे बहुतेकांनी लिहिले. बायबलच्या पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या, पुस्तकात फळाचे नावच दिलेले नाही. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष ‘तीन’ असल्याचे जवळपास सर्वांना माहीत होते. मत्तयाने सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी सांगितल्या आहेत, माणसांची संख्या सांगितलेली नाही. ही माहिती नाताळच्या देखाव्यांतून, भेटकार्डांवरून आणि सिनेमांतून आलेली आहे, वाचनातून नव्हे, आणि आपल्या पुराणकथांचेही आपण असेच केले आहे हे सांगायला नको. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०१० मध्ये धर्मविषयक ज्ञानाची जी पाहणी केली, तिच्यात ३२ प्रश्नांपैकी सरासरी १६ बरोबर आले आणि नास्तिक व अज्ञेयवादी सरासरीच्या बरेच पुढे होते. तेव्हा श्रद्धा आणि माहिती वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. बायबलवरचे चार प्रश्न सोडवल्याने कुणाचा धर्म बाटत नाही, तसा तो वाढतही नाही.

एका प्रश्नाबद्दल मात्र आयोजकांना दोष दिला पाहिजे. ‘मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?’ असा प्रश्न होता. जलप्रलयात प्राणी वाचवणारे तारू नोहाचे होते, मोशेचे नव्हे, आणि बहुतेकांनी बेसावधपणे ‘दोन’ लिहून गुण गमावले. हा प्रश्न १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्राच्या एका प्रयोगातला आहे, आणि ओळखीचे वाक्य ऐकताना उत्तर ठाऊक असलेली माणसेसुद्धा चूक कशी नजरेआड करतात, हे त्यातून तपासले होते. माणसाला काय माहीत आहे ते तपासायचे असेल तर त्याला चकवून उपयोग नाही.

पुढच्या चाचणीसाठी माझी सूचना आहे ती गुण देण्याच्या पद्धतीपुरती. प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ हा पर्याय असावा आणि तो निवडणाऱ्याचा गुण कापू नये. प्रत्येक उत्तरापुढे ‘खात्री आहे’ किंवा ‘अंदाज’ अशी खूण करायला जागा द्यावी, आणि खात्रीने चुकलेल्या उत्तराला तेवढे उणे गुण द्यावेत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना उणे गुणांची सवय आहे. त्यांच्या आई-वडिलांनाही ती व्हायला हरकत नाही. कोणाला किती गुण पडले ही यादी फलकावर लावण्याचे काहीच कारण नाही. त्याऐवजी कोणत्या प्रश्नावर किती लोक खात्रीने चुकले एवढेच जाहीर करावे, आणि असे पहिले पाच प्रश्न आपण आपल्या रविवारच्या पुरवणीत उत्तरांच्या खुलाशासह छापावेत, ही विनंती. खुलासे लिहून देण्याची जबाबदारी भूगोलापुरती मी घेतो. गुणसूत्रे आणि प्रतिजैविके यांसाठी शहरात डॉक्टरांची वाण नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर