परसातल्या टाकीबद्दल, आणि त्या कात्रणाबद्दल

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण मिळालं. संडासची टाकी साफ करायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, तिघेही गेले. कडेला तुम्ही पेनाने लिहिलंय, "वास आला नाही का यांना? आणि खाली उतरवलं कोणी?" दोन्ही प्रश्न मनात घर करून बसले आहेत.

वास आला असेल, पण सुरुवातीलाच. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखी घाण येते. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. माणसाला वाटतं, चला, गेला वायू. हजार भागांवर एकदोन श्वासांत शुद्ध जाते, ओरडायलाही वेळ मिळत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. शिवाय तो गाळात अडकलेला असतो. झाकण तासभर उघडं ठेवलं तरी फावडं लागताच बुडबुड्यांनी वर येतो. वरच्याला दिसतं की आपला माणूस चक्कर येऊन पडला, आणि तो धाव घेतो. त्यांच्या मायेनेच त्यांना ओढून नेलं, बाबा. मूर्ख म्हणू नये कोणी त्यांना.

विहिरीत दिवा सोडून बघायची आपल्याकडची जुनी रीत इथे चालत नाही. दिवा विझतो तो प्राणवायू सोळा टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर. विषारी वायू असला तरी तो खुशाल जळत राहतो. आणि टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो. तोंडाला बांधलेलं ओलं फडकंही निरुपयोगी.

आता दुसरा प्रश्न, उतरवलं कोणी. ठेकेदाराचं नाव पेपरात येतं, आणि त्याचा दोष आहेच. पण माणूस उतरवायची वेळ का येते ते बघा. टाकी दोनतीन वर्षांनी उपसायची असते. दहाबारा वर्षं तिच्याकडे कोणी बघत नाही. तेवढ्यात तळाचा गाळ चिकणमातीसारखा घट्ट बसतो. सक्शनची गाडी येते, वरचं पाणी ओढते आणि खालचा थर तसाच राहतो. त्यात कापड, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड असले की पाईप तुंबतो. मग कोणीतरी म्हणतं, "एक माणूस बादली घेऊन उतरू दे, दहा मिनिटांचं काम." त्या दहा मिनिटांची तयारी घरमालकाने दहा वर्षं केलेली असते. म्हणून हे पत्र आपल्या परसातल्या टाकीबद्दल आहे.

पहिल्या कप्प्यात गाळ किती आहे ते मोजता येतं. माणसाहून उंच सरळ बांबू घ्यायचा, त्याच्या खालच्या भागाला आईच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचं फडकं घट्ट गुंडाळून सुतळीने बांधायचं. झाकण काढून अर्धा तास थांबायचं, मग वारा येतो त्या बाजूला उभं राहून बांबू हळूच तळाला टेकवायचा, दोनतीन मिनिटं ठेवून सरळ वर काढायचा. काळा चिकट डाग जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. वरची पाण्याची ओलही मोजा. तळापासून ओल १२० सेंटिमीटर आणि त्यात गाळ ४०, म्हणजे तिसरा हिस्सा भरला, गाडी बोलवायची. बाबा, झाकण तुम्ही एकट्याने उचलू नका, वाकून आत बघू नका, आणि जवळपास विडी पेटलेली नको. वेंट पाईपच्या तोंडाला जाळी आहे ना, तेही बघून घ्या.

गाडीला फोन करताना पाईप किती मीटर लांब आहे ते आधी विचारा. आपली पाणंद अरुंद, गाडी गडग्याबाहेरच थांबणार. गाळ घट्ट असेल तर वरून पाण्याचा जोर मारून, लांब काठीने ढवळून परत ओढायचा. दोन खेपा लागल्या तर दोन खेपांचे पैसे द्यायचे. तळाला वीतभर गाळ राहू द्या, त्यातले जीवाणू पुढच्या कामाला लागतात. फिनेल, ॲसिड ओतू नका, ते त्यांनाच मारतं. हे काम मार्च-एप्रिलमध्येच करायचं. आषाढात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने चिऱ्याची भिंत आत येते. आणि मैला व्हाळात सोडणार नाही, हे गाडीवाल्याकडून आधी वदवून घ्या.

आई, तुला आप्पासाहेब पटवर्धनांचं नाव ठाऊक असेलच, कणकवलीच्या गोपुरीचे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितलं. ते काम जातीने ठरलेलं, म्हणून नाकारलं गेलं. त्यांनी उपास धरला, आणि त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही. तुरुंगात जातीवरून काम वाटणं घटनाबाह्य आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधे ब्याण्णव वर्षं! तो निकाल वाचताना आप्पासाहेबांची आठवण किती जणांना झाली असेल? आपल्या जिल्ह्यातला माणूस, आणि शाळेत आम्हाला धडा नव्हता.

मुंबई सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीसाठी बर्वे समिती नेमली, अहवाल १९५२ मध्ये आला. हाताने मैला उचलण्याविरुद्ध देशाचा कायदा १९९३ चा, तोही कोरड्या, म्हणजे पाण्याशिवायच्या, संडासांपुरता. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये उतरणाऱ्यांचं नाव कायद्यात आलं ते २०१३ मध्ये. आता अशा धोकादायक सफाईला माणूस लावला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे खासगी घरालाही लागू आहे. गोवंडीत २०१९ मध्ये एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले, तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की विधवांना दहा लाख सरकारने आधी द्यावेत आणि जबाबदार असतील त्यांच्याकडून वसूल करावेत. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली आहे. शेजारच्या भाऊंना हे नक्की सांगा. त्यांच्या टाकीचं झाकण सिमेंटने बंद आहे आणि दर वेळी ते कोणाला तरी "जरा उतरून बघ" म्हणतात. झाकण फोडून दोन्ही कप्प्यांवर एकेक उचलता येणारं बसवा म्हणावं.

एक शेवटचं, आणि हे दोघांनीही पाठ करा. टाकीत कोणी पडलाच, तर मागोमाग उतरायचं नाही, कोणालाही उतरू द्यायचं नाही, अगदी घरातलं माणूस असलं तरी. ११२ ला फोन, आणि मिळेल त्या पंख्याने वा ब्लोअरने वरून ताजी हवा आत सोडायची. अंगाला आधीच दोर बांधलेला असेल तरच वरून ओढायचं.

फडक्यावरचा डाग किती सेंटिमीटर भरला ते येत्या रविवारी फोनवर सांगा. त्यावरून गाडी शिमग्याआधी की नंतर, ते ठरवू.

तुमची,
सुमी