गोळी वाढली, एवढंच

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर 'माझंच तुला लागलं' म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हीही वाचा. तुमची पाळी पुढे आहे.

दिवस राहिल्यावर सातव्या आठवड्यात माझा टीएसएच ८.६ आला (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा चढतो), आणि टीपीओ अँटिबॉडीज, म्हणजे थायरॉईडवर उलटलेली प्रतिपिंडं, त्याही निघाल्या. म्हणजे तुझाच हाशिमोटो. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने हा आजार पहिल्यांदा मांडला, म्हणून त्याचं नाव. शरीराची राखणदार फौज आपल्याच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर उलटते. घराण्यात त्याचा कल असतो, पण आजार सगळ्यांना होतोच असं नाही. दादाही तुझाच मुलगा, त्याचा रिपोर्ट मात्र स्वच्छ. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतो, त्यामुळे त्यात नशिबाचाही भाग आला.

आणि सगळं तुझ्याकडूनच आलं असं कोण म्हणतं? बाबा, आत्याला कोड आहे, तिच्या मुलाला लहानपणापासून इन्शुलिन लागतं. ही सगळी एकाच कुळातली, शरीराची फौज आपल्यावरच उलटण्याची दुखणी, एका घरात पुष्कळदा जोडीने सापडतात. तेव्हा दोष वाटायचाच असेल तर निम्मा-निम्मा वाटून घ्या.

आई, 'इतक्या लवकर गोळ्या, बाळाला चालतील का?' असं तू विचारलंस. न घेणं चालणार नाही. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर हार्मोन बनवू लागते, आणि जवळजवळ निम्मे दिवस भरेपर्यंत त्याची भिस्त बरीचशी माझ्यावरच. ते कमी पडलं तर गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, बाळाच्या मेंदूच्या वाढीत खोट, असे धोके वाढतात. गोळीत ग्रंथी बनवते तेच हार्मोन असतं, परकं काही नाही. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईलाही दिवस राहिले की डोस बहुधा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. मला ५० मायक्रोग्रॅमवर सुरू केलं होतं, आता ७५ केलंय. दर चार आठवड्यांनी रक्त द्यायचं आणि टीएसएच अडीचच्या आत ठेवायचा. गेल्या वेळी २.१ होता.

माझ्या आधीचं जे राहिलं नाही, ते तुझ्या मनात आलं असणार. मीही डॉक्टरांना विचारलं. तेव्हा तुझा थायरॉईड कोणी तपासलाच नव्हता, त्यामुळे आता कोणालाच काही सांगता येणार नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो तेव्हा जवळपास निम्म्या वेळा गुणसूत्रांतली चूक असते, आणि त्यावर आईचा काही इलाज नसतो. इतकी वर्षं हे तू एकटीने मनात ठेवलंस याचंच मला वाईट वाटलं.

बाबा, आता तुम्ही. थंडी वाजते, आवाज बसलाय, पोट साफ होत नाही, दिवसभर पेंग येते, आणि तुम्ही म्हणता वय झालं. झालंही असेल. पण ठोके अनियमित होतात म्हणून तुम्ही अमिओडॅरॉन घेता, त्यात आयोडीन भरपूर असतं आणि त्याने थायरॉईड बिघडू शकतो. ती गोळी मनाने बंद करू नका, फक्त टीएसएच करून घ्या. थायरॉईडची गोळी लागलीच तर या वयात हृदयाला झेपावं म्हणून अगदी थोडक्या डोसपासून चढवतात, हेही माहीत असू द्या.

बाळंतपणानंतर माझा डोस उतरवतील, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतील. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचाही थायरॉईड बघतात. तेव्हा घाबरून मला फोन करू नका.

आणि आई, कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतेस ना अजून? मी पाहिलंय. थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घे. कॅल्शियम चार तासांनी. माझी लोहाची गोळीही मी तशीच दुपारी घेते. तुझ्या जुन्या रिपोर्टांचे फोटो पाठव, पहिला कितव्या वर्षी काढला ते डॉक्टरांना हवंय. बाबांच्या टीएसएचचाही त्यातच पाठव.

तुमची,
धाकटी