शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे गेले कुठं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम जय भीम.

मी दारव्हा तालुक्यातला शेतमजूर, दोन एकर कोरडवाहू वावर आहे. पोरगी अमरावतीला इंजिनिअरिंग करते, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे म्हणूनच करते, आमच्या मजुरीत तर एका सेमिस्टरची फी पण निघत नाही. आता परत महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, फॉर्म भरायचे दिवस आलेत म्हणून मागच्या वर्षी आमच्यासोबत जे झालं ते लिहितोय, दुसऱ्या कोणाच्या लेकरावर ती पाळी येऊ नये.

फॉर्म आम्ही वेळेवर भरला होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडं दोन चकरा, मग सेतूत, सोयाबीन सवंगणीच्या ऐन दिवसात तीन रोज बुडाले. एकदा कॉलेजातून फॉर्म सेंड बॅक झाला, मार्कशीटचा फोटो धूसर आला होता, तो परत टाकला. मग समाजकल्याणकडून मंजूर पण झाला, आम्हाला वाटलं झालं काम. मार्चमध्ये पोरीचा फोन आला, "बाबा, पैसे टाकले म्हंते, पन माह्या खात्यात तं काहीच नाही." इकडं कॉलेजवाले म्हणे फी भरा नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. पोरगी रडत होती, तिची आई दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी व्याजानं पैसे काढले आणि भरले.

बँकेत जाऊन पासबुकावर एंट्री मारून आणली, कोरीच. साहेब म्हणे आमच्याकडं आलेच नाही. शेवटी गावातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरानं आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते, काढून पाहिलं, तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. पोरीनं अमरावतीत रस्त्यावरच्या टेबलावरून नवीन सिम घेतलं होतं, मशीनवर अंगठा लावला होता, त्याच अंगठ्यावर तिच्या नावानं खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडं जोडलं गेलं. तिला याचा पत्ताच नाही. फीचा केंद्राचा 60 टक्के हिस्सा त्या खात्यात पडून होता, आणि आम्ही इथं व्याज भरत होतो.

फॉर्मला पासबुकाची झेरॉक्स जोडली म्हणजे त्याच खात्यात पैसे येतील असं सगळ्यांना वाटते, मला पण तसंच वाटलं होतं. तसं नाही. आधारला शेवटी जी बँक जोडलेली असते तिथंच पैसे जातात. म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे एकदा बघून घ्या, पाच मिनिटाचं काम आहे, फक्त आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू पाहिजे कारण ओटीपी त्याच्यावरच येतो. स्वाधार योजनेचा फॉर्म भरणाऱ्या पोरांनी पण बघा, तिथं तर खोलीभाडं आणि मेसचे पैसे आहेत.

समाजकल्याण विभागाला माझी हात जोडून विनंती आहे, पैसे टाकले की कोणत्या बँकेत टाकले ते मराठीत मेसेजमध्ये लिहा, आणि तो मेसेज बापाच्या मोबाईलवर पण येऊ द्या. कॉलेजांनी अशा पोरांचं हॉल तिकीट अडवू नये, फॉर्म मंजूर आहे हे त्यांना त्यांच्या लॉगिनमध्ये दिसतेच ना. बाबासाहेब 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेले, महिन्याला साडेअकरा पौंड मिळत होते. ते पैसे वेळेवर पोचले नसते तर काय झालं असतं, हा विचार त्या मार्चमध्ये माझ्या डोक्यातून जात नव्हता.

ते दुसरं खातं आम्ही बंद केलं, आधार परत गावच्या बँकेला जोडून घेतलं. व्याजाचे पैसे अजून फिटायचे आहेत. आमच्या गावातली बारावी झालेली सहा पोरं या रविवारी माझ्या घरी येणार आहेत, सगळ्यांचं सीडिंग बघूनच फॉर्म भरू.

आपला,
एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ