मासे आधी मोजा

संपादक महोदय,

अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत पाडली गेली आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक सॅमन हे समुद्रातून नदीत चढणारे मासे तिच्या ओरेगॉन राज्यातील भागात पोहोचले, १९१२ नंतर प्रथमच. हे ठामपणे सांगता आले, कारण तिथे माशांची पाहणी करून नोंद ठेवतात; पात्रात सोनार (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे टिपणारे यंत्र) लावून वर चढणारे मासेही मोजतात.

आपल्या गोव्यात सॅमन नाही, चोणक आहे. तो नदीच्या मुखाशी अंडी घालतो. पिल्ले भरतीबरोबर खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीत, आणि पुढे गोड्या पाण्याकडे शिरतात. मानशीच्या (खाजनात पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) फळ्या चुकीच्या वेळी उतरल्या किंवा बंधारा आडवा आला की त्यांची वाट खुंटते. म्हादई नदीच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी भांडतो, भांडायलाच हवे. पण त्या पाण्यात काय जगते, याची सलग नोंदही लोकांसमोर हवी. ओहोटीला मानशीवर जाळे लावणाऱ्यांपासूनच सुरुवात करता येईल: मासा कुठला, लांबी किती, पाणी खारे की गोडे. एक वही पुरे. मत्स्योद्योग खात्याने हे काम बंधारे दुरुस्त करण्याआधी हाती घ्यावे. नंतर मोजून तुलना कशाशी करणार?

– एक वाचक, दिवाडी